दूरच्या त्सुनामीची अर्ध्या मीटरची लाट आणि आपली चार मीटरची भरती

खाडीकाठ (बेलापूर, नवी मुंबई)

नमस्कार. 30 जुलै 2025 रोजी रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पाजवळ 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा त्सुनामीचा इशारा देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्राने भारताच्या किनाऱ्याला धोका नसल्याचे कळवले आणि आपल्याकडे तो विषय तिथेच संपला. दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर मात्र तो अधूनमधून निघतो, आणि जाणती मंडळी दर वेळी एकच मुद्दा मांडतात. उधाणाच्या दिवसांत खाडीचे पाणी सहा तासांत चार मीटर चढते, तितकेच उतरते, आणि आमच्या होड्या ते पिढ्यान्‌पिढ्या सोसत आल्या आहेत. मग हजारो किलोमीटरवरच्या भूकंपाची अर्धा-एक मीटरची लाट येऊन असे काय मोठे करणार?

युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. तरीही कामचात्काच्याच भूकंपानंतर कॅलिफोर्नियातील क्रेसेंट सिटी या बंदरात एका तरंगत्या धक्क्याची मोडतोड झाली, आणि तीही गावात पाणी न शिरता. तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. लाट भरतीपेक्षा लहान असताना बंदराचे नुकसान नेमके कशाने होते? आणि ठाणे खाडी मुंबई बंदराच्या पार आत शिरलेली असल्याने आपल्याला आडोसा मिळतो, की निमुळत्या खाडीत पाणी उलट अधिक चढते? वस्तीत पाणी शिरून होणाऱ्या विध्वंसाबद्दल मी विचारत नाही. जेट्ट्या, धक्के आणि बांधून ठेवलेल्या नावा एवढ्यापुरताच प्रश्न आहे.

गोदीतला_निवृत्त (वाशी)

उंचीपुरते पाहिले तर जेट्टीवरच्या मंडळींचे म्हणणे खरे आहे. परंतु बंदरातले नुकसान मुख्यतः पाण्याच्या ओढीने होते, आणि ही ओढ पाणी किती वेळात चढले-उतरले यावर ठरते. भरतीओहोटीचा एक फेरा साधारण 12 तास 25 मिनिटांचा असतो, तर त्सुनामीच्या एका लाटेचा फेरा दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत.

हे आकडे घालून पाहिले की पटते. 20 हेक्टरचे, म्हणजे 2 लाख चौरस मीटरचे एक बंदिस्त बंदर धरा. त्याचे तोंड 60 मीटर रुंद आणि 4 मीटर खोल आहे, म्हणजे पाण्याला आत यायला 240 चौरस मीटरची वाट आहे. चार मीटरची भरती सहा तासांत भरायची तर 8 लाख घनमीटर पाणी 21,600 सेकंदांत आत यावे लागेल, म्हणजे सेकंदाला सुमारे 37 घनमीटर. तोंडाशी वेग पडेल सेकंदाला जेमतेम 15 सेंटिमीटर. आता त्याच बंदरात पाणी फक्त एक मीटर, पण आठ मिनिटांत चढू द्या. सेकंदाला सुमारे 417 घनमीटर पाणी आत घुसेल आणि तोंडाशी वेग होईल सेकंदाला 1.7 मीटरच्या वर, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन नॉट. उंची एक चतुर्थांश, वेग अकरापट. नावेवर येणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो सव्वाशेपटीच्या घरात जातो. भरतीबरोबर तोंडाची खोलीही बदलते, ती मी इथे धरलेली नाही, पण ढोबळ चित्र त्याने बदलत नाही.

कॅलिफोर्नियाच्या बंदरांमध्ये 2010 व 2011 साली झालेल्या नुकसानीचा अभ्यास करणाऱ्यांनी असे मांडले आहे की प्रवाह तीन नॉटपर्यंत असेल तर सहसा काही बिघडत नाही, तीन ते सहा नॉटमध्ये मध्यम नुकसान दिसते, सहाच्या पुढे मोठे, आणि नऊच्या पुढे धक्क्याचे खांबही टिकत नाहीत. वरच्या काल्पनिक बंदरात आपण एका मीटरच्या चढावाने पहिली मर्यादा ओलांडलेली आहे.

शिवाय ही ओढ काही मिनिटांत उलटते. बांधलेली नाव आधी एका अंगाला खेचली जाते, मग पाणी फिरते, दोर सैल पडतो, नाव मागे सरकते आणि दोर पुन्हा हिसका देऊन ताणला जातो. दोर तुटतो किंवा बोलार्ड, म्हणजे धक्क्यावरचा दोर बांधायचा खुंट, उखडतो तो बहुधा याच हिसक्याने. मोठ्या जहाजावर भरतीबरोबर दोर सोडत आणि आवळत राहणे हे खलाशांचे रोजचे काम आहे, पण ते तासांच्या हिशेबाने चालते. दर दहा मिनिटांनी पाणी पालटू लागले, तर कितीही तरबेज माणसे असोत, त्यांना ते जमणारे नाही.

2004 च्या डिसेंबरात सुमात्राजवळ झालेल्या भूकंपाच्या वेळी ओमानमधील सलाला बंदर तिथून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर होते. तिथे धक्क्याला लागलेल्या 285 मीटर लांबीच्या कंटेनर जहाजाचे सगळे दोर तुटले आणि ते कित्येक तास भोवऱ्यांमध्ये गरगरत भरकटले. रेयुनियन बेटावरील ल पोर येथे 196 मीटरचे जहाज सुटले. ही जहाजे न्हावा शेव्यात रोज लागणाऱ्या जहाजांच्या जातीचीच होती, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. भोवरे तयार होतात ते लाटरोधक भिंतीच्या टोकाशी, जिथे वेगाने आत येणारे पाणी कोपऱ्यापाशी वळू न शकल्याने मुख्य प्रवाहापासून सुटते. मार्च 2011 मध्ये जपानच्या ओआराई बंदराबाहेर उठलेला प्रचंड भोवरा आणि त्यात फिरणारी बोट पुष्कळांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असेल.

चेंदणी_बंदर (ठाणे पूर्व)

गोदीतल्या काकांचा हिशेब पटला, मात्र तो अरुंद तोंडाच्या बंदिस्त बंदराचा आहे. मुंबई बंदराचे तोंड कुलाब्यापासून पलीकडे उरणच्या बाजूपर्यंत कित्येक किलोमीटर रुंद आणि मोकळे आहे. तिथे पाण्याला कोंडायला काही नाही, त्यामुळे तोच हिशेब सरसकट आपल्याकडे लावता येणार नाही. आणि याला इतिहासाचा दाखला आहे.

28 नोव्हेंबर 1945 रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानच्या किनाऱ्याजवळ, मकरानच्या समुद्रात, 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. मुंबईत पाणी चढल्याची नोंद सकाळी सव्वाआठची आहे, आणि ते सुमारे दोन मीटर चढल्याचे सांगितले जाते. वर्सोवा आणि हाजी अली येथे माणसे वाहून गेली, दांडा आणि जुहू येथे मासेमारीच्या होड्या दोर तुटून सुटल्या. मुंबई बंदराच्या आत मात्र नुकसान झाले नाही. म्हणजे फटका बसला तो उघड्या पश्चिम किनाऱ्याला, आणि बंदर त्या भूभागाच्या आड राहिले. ठाणे खाडी तर त्याच्याही मागे.

पावणेपाच तास का लागले, हेही पाहण्यासारखे आहे. त्या किनाऱ्यावरच्या पसनी गावापासून मुंबई सुमारे बाराशे किलोमीटर. खोल समुद्रात त्सुनामीचा वेग खोलीच्या वर्गमुळावर ठरतो. तीन हजार मीटर खोलीवर तो ताशी सहाशे किलोमीटरच्या वर असतो, आणि त्या वेगाने पहिले नऊशे किलोमीटर दीड तासात उरकतात. मात्र मुंबईसमोरचा उथळ समुद्र जवळजवळ तीनशे किलोमीटर रुंद पसरलेला आहे. सत्तर मीटर खोलीवर लाटेचा वेग ताशी शंभराच्या आत येतो, म्हणजे उरलेल्या पट्ट्याला तीन तास लागतात. बेरीज 1945 च्या नोंदीशी चांगली जुळते. एवढ्या रुंद उथळ पट्ट्यावर लाटेची बरीच ताकद तळाशी घासून खर्च होते आणि काही भाग पट्ट्याच्या बाहेरच्या कडेवरूनच परत फिरतो. कॅलिफोर्नियाला असा पट्टा नाही, म्हणून क्रेसेंट सिटीची भीती जशीच्या तशी इथे आणू नये असे माझे मत आहे.

ठाण्याकडच्या टोकाचे तर बोलायलाच नको. कोपरी, विटावा, कळव्याच्या बाजूला ओहोटीला निव्वळ चिखल उघडा पडतो आणि दोन्ही काठांना कांदळवन आहे. त्या चिखलात आणि मुळांत लाटेचा उरलासुरला जोरही जिरून जाईल.

सरळ_गणित (नेरूळ)

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्यांच्यामध्ये एक गोष्ट राहून गेली. कोणत्याही खाडीला किंवा गोदीला स्वतःचा एक आंदोलनकाळ असतो. आतले पाणी एकदा हलवले की ते किती वेळात पुढे-मागे झुलेल, हे तिची लांबी आणि खोली ठरवते. एक टोक बंद आणि दुसरे उघडे असेल, तर हा काळ साधारण लांबीच्या चौपटीला लाटेच्या वेगाने भागून मिळतो. येणाऱ्या लाटांचा काळ त्याच्याशी जुळला तर झोका भरत जातो. नाही जुळला तर लाट येते आणि जाते.

ठाणे खाडीची लांबी 26 किलोमीटर आणि सरासरी खोली पाच मीटर धरली, तर हा काळ चार तासांच्या आसपास येतो. त्सुनामीच्या लाटा इतक्या संथ नसतात, म्हणून संपूर्ण खाडी एकदम झुलू लागण्याचा संभव कमी. आणि तिचे जे दुय्यम झोके तास-दीड तासाचे असतील, ते चेंदणीकरांनी म्हटल्याप्रमाणे चिखलात लवकर मरतील. खाडी निमुळती होत गेली म्हणून पाणी बेसुमार चढेल, ही भीतीही त्याच कारणाने फार ताणू नये. पण आता खाडीच्या कडेला असलेली पाचशे मीटर लांब, पाच मीटर खोल आणि एका बाजूने उघडी अशी छोटी गोदी घ्या. तिचा काळ निघतो पाच मिनिटांच्या जवळपास. लाटांच्या मालिकेत असे जलद घटक असतात, आणि त्यांना प्रतिसाद देणारी जागा संपूर्ण खाडी नसून अशा लहान लहान गोद्या असतात. म्हणून एकाच बंदरात एक कोपरा शांत आणि दुसरा खवळलेला असे दिसू शकते.

दुसरे असे की हे जलद घटक खोल समुद्रात लांब लाटांपेक्षा थोडे सावकाश चालतात आणि मागाहून पोहोचतात. मादागास्करच्या तोआमासिना बंदरात 2004 साली 50 मीटरचे एक मालवाहू जहाज दोर तोडून सुटले, ते सर्वांत उंच लाटा येऊन गेल्यावर कित्येक तासांनी. अभ्यासकांनी त्याचे कारण हेच दिले आहे की उशिरा आलेल्या जलद लाटांनी बंदराचा स्वतःचा झोका जागा केला. बंदरातल्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो, नेमके तेव्हा हे घडते.

क्रेसेंट सिटीचे 15 नोव्हेंबर 2006 चे प्रकरण याहून बोलके आहे. क्युराइल बेटांजवळ 8.3 तीव्रतेचा भूकंप झाला, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी दिलेली सूचना मागे घेण्यात आली, पहिल्या लाटा किरकोळच निघाल्या, आणि त्यानंतर दोनेक तासांनी आलेल्या लाटांनी लहान बोटींच्या गोदीतले धक्के मोडले. त्या उशिरा आलेल्या लाटा सरळ वाटेने आलेल्याच नव्हत्या. पॅसिफिकच्या तळाशी असलेल्या पर्वतरांगेवर आपटून विखुरलेली ऊर्जा तिकडे वळली होती. मकरानच्या 1945 च्या लाटांबाबतही किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात अडकून काठाकाठाने फिरत राहिलेल्या लाटा अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. म्हणजे चेंदणीकरांचा तो रुंद उथळ पट्टा लाटेची ताकद कमी करतो हे खरे, पण आत शिरलेल्या ऊर्जेला तो लवकर बाहेरही जाऊ देत नाही.

खाडीकाठ (बेलापूर, नवी मुंबई)

तिघांचेही आभार. 1945 ची वेळ आणि अंतराचा ताळमेळ पाहून बरे वाटले, कारण आमच्याकडे ती गोष्ट निव्वळ ऐकीव होती. आता व्यवहाराचा प्रश्न. मकरानसारख्या ठिकाणी पुन्हा मोठा भूकंप झाला, तर इशारा आपल्याला चार तास आधी मिळू शकतो. तेवढ्या वेळात होड्या सोडून खोल पाण्यात न्याव्यात, असे एका बैठकीत सांगण्यात आले होते. हे आपल्या खाडीतल्या नावांना लागू आहे का? आणि 'वॉच' व 'अलर्ट' या शब्दांचा आम्ही काय अर्थ घ्यावा?

सुकाणू (करावे)

दादा, खोल पाण्यात जाण्याचा सल्ला ज्या किनाऱ्यांवरून आला, तिथे खोल पाणी जवळ आहे. कॅलिफोर्नियाकडे नाववाल्यांना 30 वावांपलीकडे, म्हणजे सुमारे 55 मीटर खोलीपलीकडे जायला सांगतात, आणि तिकडे पुष्कळ बंदरांतून ते अंतर थोड्या वेळात कापता येते. आपल्या समोर मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे आणि तिथेही खोली 75 मीटरच्या आसपासच आहे. आठ नॉटने चालणाऱ्या नावेला त्याच्या निम्म्या वाटेवर पोहोचायलाच सहा तास लागतील. मकरानची लाट पावणेपाच तासांत येते. म्हणजे दिवाळ्याहून निघालेली नाव लाट येईल तेव्हा बरोबर उथळ पाण्यात असेल, आणि तिच्याबरोबर शंभर नावा एकाच अरुंद वाटेने बाहेर पडत असतील. लांबच्या मासेमारीवर आधीच बाहेर असलेल्या तांडेलांनी बाहेरच थांबावे, बंदरात परतू नये. खाडीतल्या लहान होड्या मात्र बांधून ठेवाव्यात आणि माणसांनी जेट्टीवरून उठून वर यावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. होडी पुन्हा बांधता येते.

इन्कॉइसच्या पातळ्या अपेक्षित लाटेच्या उंचीवरून ठरतात. दोन मीटरच्या वर 'वॉर्निंग', अर्धा ते दोन मीटर 'अलर्ट' आणि अर्ध्या मीटरखाली 'वॉच'. हे केंद्र 2007 पासून काम करते आहे. समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक यांच्या नोंदींवरून ते अंदाज सुधारत नेते. पण हा धागा वाचल्यावर तुमच्याही लक्षात आले असेल की या पातळ्या वस्ती डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत. 'अलर्ट' असताना गावात पाणी येणार नाही असे धरले तरी पाण्यात आणि पाण्याच्या कडेला कोणी नसावे. माझ्या मते 'वॉच' असतानाही जेट्टीच्या कामांना त्या दिवसापुरती सुट्टी द्यायला हरकत नाही.

सगळ्यांत अवघड गोष्ट वेगळीच आहे. पाणी अचानक मागे हटले की चिखलात मासळी उघडी पडते आणि लोक ती वेचायला धावतात. 27 ऑगस्ट 1883 रोजी क्राकाटोआचा स्फोट झाला, तेव्हा वांद्र्याच्या किनाऱ्यावर हेच झाल्याचे वर्तमानपत्रात आले होते. पाणी झपाट्याने ओसरले, मासे मागे राहिले आणि कोळ्यांनी ते सहज उचलले. त्या दिवशी निभावले. आमच्याकडची पोरे आजही धावतील, याबद्दल मला शंका नाही.

चेंदणी_बंदर (ठाणे पूर्व)

सुकाणूंचे म्हणणे मान्य. माझ्या आधीच्या प्रतिसादातून 'आपल्याकडे काहीच होणार नाही' असा अर्थ कोणी काढू नये. 2004 साली लाटा श्रीलंकेला वळसा घालून केरळात पोहोचल्या आणि कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाड येथे शंभरावर माणसे गेली. पश्चिम किनारा भूभागाच्या आड आहे म्हणून सुरक्षित, हे तिथे खोटे ठरले. माझा रोख एवढाच होता की खाडीच्या आत धोका उंचीचा कमी आणि ओढीचा अधिक आहे, आणि तोही खाडीच्या वरच्या टोकापेक्षा उरण, न्हावा शेवा आणि बेलापूरकडच्या धक्क्यांना अधिक आहे.

15 जानेवारी 2022 ची पेरूची घटनाही इथे नोंदवून ठेवतो. टोंगाचा ज्वालामुखी दहा हजार किलोमीटर दूर फुटला आणि लिमाजवळच्या ला पाम्पिया तेलशुद्धीकरण कारखान्यासमोर तेल उतरवत असलेल्या टँकरपाशी गळती होऊन हजारो पिंपे तेल समुद्रात गेले. दोष लाटांचा की यंत्रणेचा, यावर तिकडे बराच वाद झाला. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीप आणि पीर पाव येथे तेलाची जहाजे लागतात, हे आपल्याला सांगायला नको. तिथे दोर तुटण्याआधी नळी सुटली, तर खाडीच्या कांदळवनाला कोणतीही लाट करणार नाही इतके नुकसान तेल करील.

गोदीतला_निवृत्त (वाशी)

तरंगत्या धक्क्यांबद्दल एक तांत्रिक गोष्ट राहिली, ती सांगतो, कारण नवी मुंबईत प्रवासी जेट्ट्यांवर असे धक्के आता दिसू लागले आहेत. तरंगता धक्का उभ्या खांबांना कड्यांनी अडकवलेला असतो आणि भरतीबरोबर त्या खांबांवरून वर-खाली सरकतो. खांबाची उंची सहसा उधाणाची सर्वांत मोठी भरती आणि वर थोडी जागा अशी धरतात. ऐन भरतीच्या माथ्यावर दीड मीटरचा आणखी चढाव आला आणि खांबावर तेवढी जागा शिल्लक नसेल, तर कडे खांबाच्या टोकावरून निसटते; मग तो संपूर्ण धक्का, त्याला बांधलेल्या नावांसकट, पाण्याबरोबर सुटतो आणि दुसऱ्या धक्क्यावर जाऊन आदळतो. क्रेसेंट सिटीची गोदी 2011 नंतर नव्याने बांधताना खांब जाड आणि संख्येने जास्त घेतले गेले, तेही त्सुनामीचा मार सोसण्यासाठीच.

याचा अर्थ तोच चढाव भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी आला तर बहुधा निभावेल आणि पौर्णिमा-अमावास्येला ऐन भरतीवर आला तर निभावणार नाही. उलट भर ओहोटीला आला, तर चिखलात बसलेल्या होड्या अचानक उचलल्या जाऊन एकमेकींवर येतील. त्यांना नाळेकडून आणि मागून असे दोन्हीकडे दोर हवेत, एका दोरावर त्या फिरतील. खाडीकाठ यांनी पुढच्या उधाणाला भरती पूर्ण भरली की धक्क्याच्या कड्यापासून खांबाच्या टोकापर्यंत टेप लावून माप घ्यावे. ते दोन मीटरहून कमी भरले, तर जेट्टी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना मापाच्या छायाचित्रासह लेखी कळवा. तोंडी सांगितलेले कागदावर येत नाही.